पिवळं घर आर्लमध्ये नाही

पत्र : मी सात वर्षांपासून नेदरलँड्सला, आइंडहोवनमध्ये राहते. माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत. कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये ३१ वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले. आमच्याकडे माजघरात जुन्या कॅलेंडरातून कापलेलं व्हॅन गॉगच्या खोलीचं चित्र होतं, तोच पिवळा पलंग आणि दोन खुर्च्या. 'एकदा त्या पिवळ्या घरात जाऊन यायचंय' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आई-बाबा पुढच्या मे महिन्यात पहिल्यांदाच इकडे येताहेत, दोन महिने राहतील. मी एका टूर कंपनीकडून बारा दिवसांची 'व्हॅन गॉगच्या पाऊलखुणा' अशी सहल आखून घेतली : ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स, पॅरिस, ओव्हेर, लियाँ, आर्ल, सँ-रेमी आणि शेवटी दोन दिवस स्वित्झर्लंड. त्यात 'पिवळ्या घराला भेट' असं स्पष्ट लिहिलंय. परवा सहज शोधलं तर कळलं, ते घर केव्हाच पाडलंय! बाबांना सांगू की नको? त्यांचे गुडघे दुखतात. आईला चित्रांत काडीचा रस नाही. नवरा म्हणतो, नसलेलं घर बघायला एवढा खर्च कशाला? मी काय करू?

उत्तर : सांगा. आजच फोन करून सांगा. विमानतळावर नको, आर्लच्या चौकात तर नकोच.

घराचं काय झालं ते आधी नीट सांगते, म्हणजे तुम्हालाही सांगता येईल. १ मे १८८८ ला व्हिन्सेंटने, म्हणजे व्हॅन गॉगने, दक्षिण फ्रान्समधल्या आर्लच्या प्लास लामार्तीन चौकातल्या दोन नंबरच्या घराची उजवी बाजू भाड्याने घेतली. चार खोल्या. भिंती बाहेरून पिवळ्या, दारं-खिडक्या हिरव्या. सप्टेंबरात तो तिथे झोपायला गेला, ऑक्टोबरात त्याचा चित्रकार मित्र गोगँ राहायला आला, आणि २३ डिसेंबरच्या रात्री स्वतःचा कान कापल्याचं ते प्रकरण झालं. म्हणजे ज्या घरासाठी जगभरची माणसं हळहळतात त्यात तो धड वर्षभरही नांदला नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला शेजारपाजारच्या तीसेक लोकांनी सह्या करून नगराध्यक्षांकडे अर्ज दिला, की हा माणूस वेडा आहे, ह्याला इथून हलवा. पोलिसांनी घराला टाळं लावलं. (आज त्याच गावात त्याच्या नावाचे मग, मोजे आणि छत्र्या मिळतात. माणूस गेल्यावर शेजारी सुधारतात म्हणायचं.) २५ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात घर उद्ध्वस्त झालं, आणि उरलेलं नंतर पाडलं. चित्रात त्याच्यामागे जी उंच इमारत दिसते ती मात्र अजून उभी आहे. समोर चित्राची प्रत लावलेला एक फलक आहे. रेल्वे स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर.

तुमच्या टूर कंपनीची 'भेट' म्हणजे हा फलक. त्यांना ठाऊक नसेल तर त्यांनी गावं आखू नयेत, आणि ठाऊक असेल तर काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

बाबांना धक्का बसेल ही भीती मला फारशी वाटत नाही. ३१ वर्षं वर्गावर्गांतून फिरलेला ड्रॉइंगचा मास्तर आहे. कदाचित त्यांना हे आधीच माहीत असेल, आणि 'पिवळ्या घरात जायचंय' ह्या वाक्याचा अर्थ इतकी वर्षं तुम्ही पत्ता म्हणून घेतला असेल. मुलगी एवढा खर्च करून नेतेय म्हणून ते चौकात उभे राहतील, 'छान आहे' म्हणतील, फलकाशेजारी फोटोही काढतील. तुम्हाला तसा फोटो हवाय का?

आता ह्या सगळ्यातली गंमत. पिवळं घर तुमच्यापासून दीड तासावर आहे. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात 'पिवळं घर' हे चित्र आहे, आणि 'शयनगृहा'ची पहिली आवृत्तीही तिथेच आहे. त्या चित्राच्या एकूण तीन आवृत्त्या. पहिली त्याने आर्लच्या घरात रंगवली. तो इस्पितळात असताना पाण्या-ओलीने ती खराब झाली, म्हणून आर्लजवळच्या सँ-रेमीला असताना सप्टेंबर १८८९ मध्ये दुसरी केली, ती आता शिकागोला आहे. तिसरी लहान, आई आणि बहिणीसाठी काढलेली, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. तुमच्या माजघरातली कोणती होती ते बाबा पाहताक्षणी सांगतील. आणखी एक गोष्ट त्यांना सांगा, त्यांना ती कळेल तशी तुम्हा-मला कळणार नाही. भिंती आज निळसर दिसतात, पण व्हिन्सेंटने त्या फिकट जांभळ्या रंगवल्या होत्या. त्यातला तांबडा रंग उडून गेला आणि निळा तेवढा राहिला. कॅलेंडरवाल्याने जी निळी भिंत छापली ती मुळात त्या चित्रकाराने काढलेलीच नव्हती!

उलट आर्लला जाऊन त्याचं चित्र बघू म्हणाल, तर त्या गावाच्या मालकीचं त्याचं एकही चित्र नाही. पंधरा महिन्यांत त्याने तिथे दोनशेच्या आसपास चित्रं केली, आणि ती सगळी गावाबाहेर गेली. तिथलं व्हॅन गॉग फाउंडेशन २०१४ पासून बाहेरून उसनी आणून दाखवतं. रात्रीच्या कॅफेच्या गच्चीचं ते प्रसिद्ध चित्र ओटर्लोला आहे, म्हणजे तेही तुमच्याच देशात. आर्लच्या दुसऱ्या एका चौकातला तो कॅफे मात्र पिवळा धमक आहे. तो चित्रासारखा दिसावा म्हणून नंतर रंगवलाय. व्हिन्सेंटच्या वेळी भिंत तशी नव्हती, पिवळेपण गॅसच्या दिव्याचं होतं. गावाने चित्राची नक्कल केली, आणि आपण त्या नकलेपुढे उभं राहून 'अगदी चित्रासारखंच आहे' म्हणतो. मी स्वतः म्हटलंय. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातात चित्रांच्या छापील प्रती होत्या आणि दिवसभर मी एकच काम केलं, प्रत वर धरायची आणि 'हे तेच का?' म्हणून बघायचं. कालव्यावरच्या उचलत्या पुलापाशी तर घोर फसगत झाली. मूळ पूल कधीच गेलाय, तशाच धाटणीचा दुसरा एक पूल तीनेक किलोमीटरवर आणून बसवलाय. उन्हात चालत गेले, प्रत वर धरली, आणि मग पाटी वाचली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : चित्रं एका जागी आहेत आणि जागा दुसरीकडे, आणि तुमच्या नशिबाने चित्रं घराजवळ आहेत. आधी चित्रं बघा, शांतपणे, घरून जाऊन-येऊन. जागा नंतर बघा आणि थोड्याच बघा. बारा दिवसांत आठ ठिकाणं म्हणजे सरांचं एकही स्केच व्हायचं नाही. ब्रुसेल्स, लियाँ आणि स्वित्झर्लंड आजच खोडून टाका. स्वित्झर्लंडशी ह्या माणसाचा काही संबंध नाही, ते टूर कंपनीला सवयीने घालावंसं वाटलं असणार.

सुरुवात न्यूनेनपासून करा. तुम्ही आइंडहोवनला सात वर्षं राहताय, म्हणजे सायकलने कधीतरी तिथून गेलाही असाल. सात-आठ किलोमीटर. १८८३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षं व्हिन्सेंट तिथे आईवडिलांकडे राहिला. वडील पाद्री होते, त्यांचं ते घर अजून उभं आहे, छोटं चर्चही आहे, आणि गावात एक संग्रहालय आहे. इथेच १८८५ मध्ये त्याने 'बटाटे खाणारे' रंगवलं. त्याआधी चाळीसच्या वर शेतकऱ्यांचे चेहरे काढून हात बसवून घेतला. धाकट्या भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की ही माणसं ज्या हातांनी ताटात बटाटा घेताहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे मला दाखवायचंय; आणि रंग कसा, तर धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा. कृष्णाकाठच्या मास्तरांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आणि हे तर त्यांना नक्की सांगा. १८८४ च्या हिवाळ्यात तुमच्याच आइंडहोवनमधले तिघे हौशी लोक त्याच्याकडे शिकायला लागले. तो त्यांना स्थिरचित्र शिकवायचा. फी म्हणून पैसे नकोत, रंगाच्या ट्यूबा द्या म्हणायचा. म्हणजे लेक ज्या गावात राहते त्याच गावात व्हॅन गॉग ड्रॉइंगचा मास्तर होता, तेही बाबा ज्याचे मार्क कापत आले असतील त्याच विषयाचा. एवढ्यावर बाबा पिवळं घर आठवडाभर विसरतील, पैज लावते.

मग ॲमस्टरडॅम, पण एका दिवसात उरकू नका. दोन वेळा जा, आठवडाभराच्या अंतराने, दोन-दोन तास. वेळ ठरवून तिकीट ऑनलाइनच काढावं लागतं, दारात मिळेल ह्या भरवशावर राहू नका. मे महिन्यात गर्दी असते, सकाळची पहिली वेळ घ्या. दोनशेच्या वर चित्रं आहेत, सगळी बघायचा हट्ट धरला तर गुडघे आधी संपतील. बाकांवर बसू द्या. एका चित्रापुढे अर्धा तास बसले तर तुम्ही घड्याळ बघू नका, कॉफी प्यायला जा.

तिसरा दिवस ओटर्लोच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयाला द्या. व्हॅन गॉगची जवळपास नव्वद तैलचित्रं, भोवती मोठं राष्ट्रीय उद्यान, आणि उद्यानात फिरायला पांढऱ्या सायकली फुकट. सोमवारी बंद असतं. निघण्यापूर्वी संकेतस्थळावर एकदा बघून घ्या, चित्रं अधूनमधून प्रदर्शनांना बाहेर जातात. कॅफेची गच्ची बघायलाच गेलात आणि ती नेमकी परदेशी असली तर चुकचुकाल. मला ॲमस्टरडॅमपेक्षा हे संग्रहालय आवडतं. गर्दी कमी, खिडकीतून झाडं दिसतात, आणि चित्राच्या इतकं जवळ जाता येतं की रंगाचा थर बोटभर उचललेला दिसतो. औंधच्या संग्रहालयात बाबा मुलांना एसटीने घेऊन गेले असतीलच. गावाबाहेर, झाडीत, कुणाच्या तरी हौसेने उभं राहिलेलं, ती जात इथेही ओळखू येईल त्यांना.

हे सगळं झालं की मग एकदाच बाहेर पडा, आठवडाभरासाठी. पॅरिसला तीन रात्री. त्यातला एक अर्धा दिवस ओर्सेला (हेही सोमवारी बंद), तिथे तिसरं शयनगृह, ऱ्होन नदीवरची तारांकित रात्र आणि ओव्हेरचं चर्च आहे. आयफेल टॉवर आईंसाठी, संध्याकाळी, खालून. एक पूर्ण दिवस ओव्हेरला.

ओव्हेर-सुर-वाझ पॅरिसच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे. २० मे १८९० ला व्हिन्सेंट तिथे आला आणि २९ जुलैला गेला, वय ३७. सत्तर दिवस, आणि चित्रं सत्तरच्या वर. रावू खाणावळीतली त्याची पाच नंबरची खोली बघता येते. सात चौरस मीटर, छताला एक झरोका, आत जवळजवळ काही नाही. जिना अरुंद लाकडी आहे, गुडघ्यांचं म्हणाल तर हा एकच जिना मी चढायला सांगेन. पुढे चर्च चढावर आहे आणि दफनभूमी त्याच्याही वर, गव्हाच्या शेतांना लागून. टॅक्सी करा. व्हिन्सेंट आणि थिओ शेजारी शेजारी आहेत, दोघांवर एकच आयव्हीची वेल पसरलेली. उतरताना दोबिन्यी रस्त्यावर थांबा. त्याचं शेवटचं चित्र झाडांच्या मुळांचं आहे, ते नेमकं कुठलं हे २०२० मध्ये एका जुन्या पोस्टकार्डावरून कळलं. खाणावळीपासून दीडशे मीटरवर, रस्त्याकडेचा उतार. त्यातलं मुख्य खोड अजून तिथे आहे. इथे मात्र चित्र वर धरून बघा, मी परवानगी देते.

आता आईंचं. त्यांना चित्रांत रस नाही म्हणता, पण गोष्टीत नाही असं तर नाही ना? ओव्हेरच्या त्या दोन थडग्यांची गोष्ट त्यांना सांगा. व्हिन्सेंटनंतर सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये थिओही गेला. त्याची बायको योहाना तेव्हा २८ वर्षांची, पदरात एक वर्षाचा मुलगा, आणि वारसा म्हणून घरभर दिराची चित्रं, जी कुणी विकत घेत नव्हतं. लोकांनी टाकून दे म्हटलं. तिने ॲमस्टरडॅमजवळ बुस्सुमला खाणावळवजा घर चालवलं, भिंतींवर दिराची चित्रं टांगली, आणि पुढची पस्तीस वर्षं प्रदर्शनं भरवत, पत्रं जुळवत, हळूहळू एकेक चित्र योग्य ठिकाणी विकत राहिली. १९१४ मध्ये पत्रं छापली, आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या अस्थी हॉलंडमधून ओव्हेरला नेऊन भावाशेजारी ठेवल्या. त्या तान्ह्या मुलाच्या जन्माला काकाने बदामाच्या बहराचं चित्र काढून पाठवलं होतं, तेही ॲमस्टरडॅमला आहे, आणि ते संग्रहालय ज्याच्यामुळे उभं राहिलं तो हाच मुलगा. भावजयीची गोष्ट ऐकल्यावर आई त्या बदामापुढे तुमच्याआधी जाऊन उभ्या राहतील असं मला वाटतं. नाहीच राहिल्या तर संग्रहालयातला केकही चांगला असतो.

पॅरिसहून गाडीने ॲव्हिन्यों पावणेतीन तासांवर. तिथून टॅक्सीने सँ-रेमीला जा आणि चार रात्री तिथेच मुक्काम ठोका, आर्लला नको. आर्ल तिथून पंचवीस किलोमीटर, त्याला एक दिवस पुरे. फलक बघा, जुन्या इस्पितळाची बाग बघा. ती त्याच्या चित्रावरून पुन्हा लावली आहे आणि खरंच सुरेख आहे. थोडा वेळ नदीकाठी बसा.

सँ-रेमीत त्याने ८ मे १८८९ पासून वर्षभर सँ-पॉल नावाच्या मनोरुग्णालयात काढलं, आपण होऊन दाखल झाला होता. तिथे आजही मनोरुग्णांवर उपचार होतात, काही भाग बघायला खुला आहे. तिथले रुग्ण काढतात ती चित्रं विकायला ठेवलेली असतात, एखादं घ्या. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्याने बागेतले आयरिस रंगवायला घेतले. तुम्ही मे महिन्यातच पोचलात तर फुलं असतीलही. सूर्यफुलं मात्र नसतील, ती जुलै-ऑगस्टची, आणि त्याची ती प्रसिद्ध सूर्यफुलं तर फुलदाणीतली. ते ओझं आधीच उतरवून ठेवा.

इथे बाबांना विचारायचा एक प्रश्न मी जपून ठेवलाय. 'तारांकित रात्र', ती घुसळलेल्या आभाळाची, जून १८८९ मध्ये इथेच झाली. (चित्र न्यूयॉर्कला आहे, त्याचा नाद सोडा.) पहाटेचं आभाळ त्याने गजांच्या खिडकीतून पाहिलं होतं, पण खाली जे गाव दिसतं ते त्या खिडकीतून दिसतच नाही. चित्र त्याने खालच्या खोलीत, दिवसाउजेडी केलं. चर्चचा तो उंच टोकदार मनोराही ह्या भागातला वाटत नाही, हॉलंडकडचा वाटतो. गोगँ त्याला सारखा सांगायचा, समोर बघून काढू नको, आठवून काढ. ह्याला ते कधी मानवलं नाही, पण एका रात्रीपुरतं त्याने ऐकलेलं दिसतं. ग्रेड परीक्षेच्या भाषेत बाबांना विचारा, हे निसर्गचित्र की स्मरणचित्र? न्यूनेनकडचे मनोरे ताजे पाहून आलेला मास्तर काय उत्तर देतो ते मला खरंच ऐकायचंय. जमलं तर कळवा.

चार रात्री एवढ्यासाठी, की त्यातल्या निदान दोन सकाळी काहीही 'बघायचं' नाही. मनोरुग्णालयाच्या आसपास ऑलिव्हच्या बागा आहेत, मागे आल्पीयच्या पांढऱ्या डोंगरांची ओळ. घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, टोपी. सर बसतील आणि काढतील. मिस्त्राल हा तिथला जोरदार वारा सुटला तर कागद हातात राहणार नाही. व्हिन्सेंट इझलचे पाय लोखंडी खुंट्या ठोकून जमिनीला जखडायचा. तुम्ही निदान चार मोठ्या क्लिपा न्या. रंग आणि ब्रश बाबांना त्यांचे सवयीचेच आणू द्या, कागदही. वाढदिवसाला देतात तसला महागडा परदेशी सेट भेट देऊ नका. नव्या रंगांशी झटापट करण्यातच चार दिवस जातील.

व्हिसाचं थोडक्यात. सर्वांत जास्त मुक्काम तुमच्याकडे, म्हणून अर्ज नेदरलँड्सकडेच करायचा, फ्रान्स त्याच शेंगेन व्हिसात येतं. मुक्काम १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. विमा ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. तुमच्याकडून जे आमंत्रण आणि हमीपत्र लागेल ते आधी तयार करा, बाबांना कागदांसाठी कराड-मुंबई दोनदा करायला लावू नका.

तुमच्या यजमानांना सांगा की खर्च निम्म्यावर येतोय, कारण निम्मी सहल तुमच्या घरातून होतेय. ह्याहून जास्त वाद घालू नका. त्यांना न्यूनेनला सोबत न्या, सायकलच्या त्या वाटेने, जिथे दिवसा ऊन साठवून रात्री खडे चमकतात.

आणि हॉटेल ठरवताना वार बघा. सँ-रेमीचा आठवडी बाजार बुधवारी सकाळी भरतो, आर्लचा मोठा बाजार शनिवारी. मंगळवारी पोचलात तर बुधवारी आई बाजारात आणि बाबा ऑलिव्हखाली. शनिवारी निघायच्या दिवशी जाताजाता आर्ल करा. बाबा त्या चौकातल्या फलकापुढे उभे असतील तोवर आईंना बाजारात न्या, लसूण आणि ऑलिव्ह तिथे चांगले मिळतात.